आधी नाव, मग पायवाट: ओंकारेश्वर-महेश्वरच्या दोन दिवसांत लँडस्केप फोटोग्राफी

प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इंदूरहून चौघे मित्र दोन दिवसांसाठी निघणार. शनिवारी ओंकारेश्वर, तिथे घाटावरून नावेने संगमापर्यंत आणि मग बेटाभोवतीच्या परिक्रमेच्या वाटेने डोंगरावरून पायी परत. रविवारी महेश्वर, सहस्रधारा आणि घर. कॅमेरा नवा, सोबत १८-५५ मिमी (रुंद दृश्याची) आणि ५५-२५० मिमी (लांबचं जवळ आणणारी) अशा दोन लेन्स. मागे चोरल डॅमवर बोटीतून काढलेले फोटो हललेले आणि तिरके आले होते, टेकडीवरून काढलेले सपाट आले होते. ट्रायपॉड न्यावा का, फिल्टर कोणते घ्यावेत, आणि एवढ्या वेळात खरंच काही शिकून होतं का?

होतं, पण एकच गोष्ट ठरवून गेलात तर. ती अशी: तुम्ही जागा बदलली की जवळच्या वस्तू भराभर सरकतात, लांबच्या सावकाश सरकतात, आणि कुठल्या तरी एका जागी त्या सगळ्या एकमेकींपासून सुट्या, नीट वाचता येतील अशा दिसतात. लँडस्केपमधलं निम्म्याहून अधिक काम म्हणजे ती जागा सापडणं. नावेत बसलात की हे सरकणं आपोआप डोळ्यांसमोर घडतं, तुम्हाला काही करावं लागत नाही. डोंगरावर तेच स्वतःच्या पायांनी घडवायचं असतं. म्हणून आधी नाव आणि मग चाल हा तुमचा क्रम मला फार आवडला. तो बदलू नका. बदलायच्या त्या वेळा.

वेळांचं सांगते, कारण यूट्यूबवरचे बहुतेक धडे युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी केलेले असतात आणि प्रकाशाच्या बाबतीत ते आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. तिकडे 'गोल्डन अवर' खरंच तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो, कारण सूर्य क्षितिजाला धरून तिरका चढतो. लंडनला डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा तो जेमतेम १५ अंशांवर असतो. आपण कर्कवृत्ताच्या जरा खाली, साधारण २२ अंशांवर. इथे सूर्य बऱ्यापैकी सरळ वर येतो आणि उगवल्यापासून अर्ध्या तासात सहा अंशांच्या आसपास गेलेला असतो. म्हणजे सोनेरी उजेडाचा आपला हिशेब अर्ध्या तासाचा. त्याच्या आधीची, सूर्य न दिसता आकाश उजळतं ती वीस-पंचवीस मिनिटं वेगळी. डिसेंबरअखेर इकडे सूर्योदय सातच्या सुमाराला आणि सूर्यास्त पावणेसहाच्या आसपास. 'सात वाजता निघू या' म्हणणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला आदल्या रात्रीच समजवा.

दुसरी बाजू मात्र आपल्या फायद्याची आहे. याच दिवसांत दुपारी बारा-साडेबाराला सूर्य साधारण ४५ अंशांपर्यंतच चढतो, म्हणजे माणसाची सावली भर दुपारीही माणसाएवढी पडते. मे-जूनमध्ये तो अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गोळा होते. त्यामुळे 'दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवा' हा सल्ला उन्हाळ्यात ठीक आहे, डिसेंबरात तितकासा नाही. अडीच-तीननंतर तर चांगलं काम होतं.

आणखी एक गोष्ट नकाशा समोर ठेवून बघा. ओंकारेश्वरचं मंदिर आणि महेश्वरचा किल्ला दोन्ही नर्मदेच्या प्रवाहाच्या उत्तरेला आहेत, त्यांचे घाट दक्षिणेकडे तोंड करून आहेत. हिवाळ्यात सूर्य पूर्वेच्या २५ अंश दक्षिणेकडून उगवतो आणि तेवढाच दक्षिणेला झुकून मावळतो. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी घाटांच्या दर्शनी भागावर बाजूने, घासून जाणारा उजेड पडतो. पायऱ्या, कमानी, दगडावरचं कोरीव काम सगळं उठून दिसतं. जूनमध्ये हाच सूर्य ईशान्येकडून उगवून वायव्येला मावळतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ तेच घाट सावलीत असतात. महेश्वरच्या घाटाचे फोटो कुणाचे जिवंत आणि कुणाचे मेलेले का, याचं उत्तर पुष्कळदा कॅमेऱ्यात नसून महिन्यात असतं. तुम्ही योग्य महिना निवडलाय.

आता शनिवार. इंदूरहून ओंकारेश्वर ७५-८० किलोमीटर, पण सिमरोल-भेरूघाटातली वाहनं आणि शनिवारची गर्दी धरून तीन तास हाताशी ठेवा. पोहे खाऊन निघालात तरी चालेल, कारण पहाटेचा उजेड तुम्हाला तिथे मिळणार नाहीच. दर्शन, जेवण उरका आणि नाव दोनच्या सुमाराला करा.

नाव ठरवताना दोन गोष्टी बोलून घ्या. एक, संगमावर उतरवून सोडायचं, परत यायचं नाही. दोन, वाटेत दोन-तीनदा इंजिन बंद करायचं. 'भैया, दो मिनट इंजन बंद कर दो' एवढंच म्हणायचं, पण ते आधी ठरलेलं असावं, नाहीतर मधल्या धारेत वाद होतात. गर्दीची सामायिक नाव नको, चौघांत मिळून एक करा. लाइफ जॅकेट घाला. कॅमेऱ्याचा पट्टा जॅकेटच्या वरून गळ्यात राहील असं बघा, आत अडकला की कॅमेरा डोळ्यापर्यंत येत नाही.

बसायचं पुढच्या बाजूला, खाली, नावेच्या मध्यरेषेजवळ. मागे इंजिनाची थरथर आणि धूर दोन्ही असतात. धुरातून काढलेला फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर बघितला की फोकस चुकल्यासारखा वाटतो आणि माणूस लेन्सला दोष देतो. कोपर काठावर टेकवू नका, नावेच्या लाकडाची थरथर थेट हातात येते. कोपर पोटाशी, पाठ मोकळी, कमरेपासून वर शरीर नावेबरोबर डोलू द्या. ट्रायपॉड नावेत उघडूच नका. त्याचे पाय ज्यावर टेकायचे तेच हलतंय.

लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन चालू असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ते तुमच्या हाताचा कंप सांभाळतं. नाव पुढे जाते आहे, वरखाली होते आहे, ते त्याच्या आवाक्याबाहेरचं. त्यावर उपाय एकच, शटर (म्हणजे ते किती वेळ उघडं राहतं). १८-५५ वर १/५०० सेकंद, ५५-२५० पूर्ण लांब केली तर १/१०००. कॅमेऱ्यावर एस मोड (कॅननवर टीव्ही) लावा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो ठेवा, आणि अॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक) कॅमेऱ्याला ठरवू द्या. इथे बहुतेक नवशिके अडतात, कारण 'लँडस्केप म्हणजे एफ ११' हे त्यांनी पाठ केलेलं असतं. एफ ११ कशासाठी असतो? पायाजवळचा दगड आणि लांबचा डोंगर दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून. नावेत पायाजवळ दगड नाही, पाणी आहे. तुमचा सगळा विषय दहा-वीस मीटरच्या पलीकडे आहे. तुमच्यासारख्या एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यात १८ मिमीला एफ ४ वरसुद्धा चार मीटर अंतरावर फोकस केला तर दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. तेव्हा एफ ४ किंवा ५.६ ला घाबरायचं कारण नाही. आयएसओ ८०० झाला तर होऊ द्या. दाणा नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सरळ करता येत नाही.

आता मुख्य धडा. पहिली पाच मिनिटं कॅमेरा मांडीवर ठेवा. बेटाच्या माथ्यावर २०२३ पासून आदि शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा उभा आहे. तो लांबून, बऱ्याच कोनांतून दिसतो, म्हणून सरावाला फार सोयीचा. त्याच्याकडे नजर ठेवा आणि त्याच्या पुढून काय काय सरकतं ते बघा: मंदिराचं शिखर, पुलाच्या तारा, घाटावरच्या इमारती, एखादं झाड. कधी शिखर नेमकं पुतळ्यावर येतं आणि दोघांचा मिळून एक विचित्र ढीग दिसतो. कधी दोघांच्या मध्ये आकाशाची पट्टी उघडते आणि दोन्ही वेगळे कळतात. ती पट्टी उघडण्याच्या क्षणी फोटो. हे येताना दहा सेकंद आधीच दिसतं, फक्त बघायची सवय नसते. नाव वळते आहे, झाड डावीकडे चाललं आहे, आता शिखर मोकळं होणार, असं मनात म्हणत कॅमेरा उचला, आधी फोकस करून ठेवा, तीन-तीनच्या बर्स्टमध्ये (सलग फोटोंत) शटर दाबा. नाव लाटेवर वर चढून खाली यायच्या आधी क्षणभर स्थिरावते, तीनपैकी एक फोटो बहुधा तिथला असतो.

यातलं पुष्कळसं ५५-२५० ने करा. पाण्याच्या पातळीवर बसून रुंद लेन्सने काढलं की निम्मी फ्रेम नुसतं पाणी आणि वर एक बारीक पट्टी. १८ मिमी लावायचीच तर पुढे काहीतरी असू द्या, नावेचं टोक, समोरून येणारी दुसरी नाव, किंवा तिने मागे सोडलेली पाण्यावरची रेघ. खडकावर पंख वाळवत बसलेला पाणकावळाही चालेल.

तिरक्या फोटोंचं कारण तुम्ही नावेवर ढकललंय, पण नाव निम्मीच जबाबदार आहे. नदीत क्षितिज नसतं. तुम्ही ज्याला क्षितिज समजून सरळ करता तो पलीकडचा काठ असतो, आणि काठ तुमच्यापासून लांब जात असेल तर तो फ्रेममध्ये तिरकाच दिसणार. त्याला आडवा केलात की मंदिर कलतं. खरी ओळंब्याची रेघ पाण्यातच सापडते: कुठलीही वस्तू आणि तिचं प्रतिबिंब उभ्या एकाच रेषेत असतात. शिखराचं टोक आणि पाण्यातलं त्याचं टोक जोडा, ती रेघ उभी करा, फोटो सरळ झाला. पाणी हललेलं असेल तर एखादा खांब किंवा भिंतीची कड धरा. काढताना चारही बाजूंनी थोडी जागा जास्त ठेवा, सरळ करताना कडा कापल्या जातात.

नावेतून माणसांचे फोटो काढताना जरा तारतम्य हवं. घाटावर बायका आंघोळ करत असतात. लांब लेन्स त्यांच्याकडे वळवायची नाही. कुणी म्हणेल, लांबून कोण ओळखणार. लांबून त्यांना तुमची लेन्स मात्र नीट दिसते. पांढऱ्या कपड्यातले परिक्रमावासी (अख्ख्या नर्मदेची पायी प्रदक्षिणा करणारे) घाटावर भेटतील, त्यांना 'नर्मदे हर' म्हणा, विचारा, बहुतेक जण हसून उभे राहतात. ते नर्मदा ओलांडत नाहीत, त्यामुळे 'चला आमच्या नावेत' असा आग्रह करू नका.

बेटाच्या पश्चिम टोकाला नर्मदा आणि कावेरी (ही आपली इकडची कावेरी) भेटतात. तिथे उतरलात की नावेचा तास संपला.

आता चाल. पूर्ण परिक्रमा साधारण सात किलोमीटरची, वाट बांधलेली आहे, पायऱ्या बऱ्याच. संगमावरून चढून गौरी सोमनाथ, पुढे सिद्धनाथाचं मंदिर (जोत्यावर कोरलेले हत्ती आहेत, त्यांच्यासाठी थांबाच) आणि मग गावाकडे उतार. तीनला निघालात तर पाच-सव्वापाचला माथ्याच्या आसपास असाल, आणि उजेड वाटेत सुधारतच जाईल.

तुमचे टेकडीवरचे फोटो सपाट का येतात, याचा मला एक अंदाज आहे. चढताना दम लागतो, मोकळी जागा आली की सगळे थांबतात, 'वा' म्हणतात, आणि जिथे थांबले तिथूनच फोटो काढतात. मग झूम पुढे-मागे करून बघतात. झूमने चौकट लहान-मोठी होते, पण झाड शिखराच्या पुढून हटत नाही. ते हटतं तुम्ही हटलात की. नावेत जे बघितलं ते इथे आठवा. दोन पावलं डावीकडे गेलात की जवळची फांदी एकदम सरकते, पलीकडचा काठ जागचा हलत नाही. गुडघ्यावर बसलात की समोरचा दगड वर येतो आणि मधला कचरा, वायरी, पाट्या त्याच्यामागे लपतात. उंच पायरीवर चढलात की नदीचं वळण उलगडतं. थांबल्या जागेपासून वीसेक पावलांच्या वर्तुळात फिरा, मगच कॅमेरा डोळ्याला लावा. मित्र वैतागतील, त्यांना पुढे जाऊ द्या, वाट चुकण्यासारखी नाही.

इथे मी एक जुनी युक्ती वापरायला लावते. खिशात लहान वही आणि पेन्सिल. फोटोआधी अर्ध्या मिनिटात फक्त पाच-सहा रेघांत दृश्य मांडायचं: पुढे काय, मध्ये काय, मागे काय. चित्र यायची गरज नाही. कागदावर दोन आकार एकमेकांत घुसले तर फोटोतही घुसणार. इंदुरात याची परंपरा मोठी आहे. देवळालीकर मास्तरांनी १९२७ मध्ये इथे चित्रकलेची शाळा सुरू केली. ना. श्री. बेंद्रे, हुसेन आणि मूळचे महेश्वरचे डी. जे. जोशी हे त्यांचे विद्यार्थी, आणि इंदूरची निसर्गचित्रं देशभर ओळखली गेली. बाहेर उघड्यावर बसून रंगवणाऱ्या माणसाला जागा बदलायची तर बोचकं उचलावं लागतं, त्यामुळे तो बसण्याआधी पुष्कळ फिरतो. आपण मेमरी कार्डवर हजार फोटो मावतात म्हणून फिरत नाही. राजा दीनदयाळ १८७४ च्या सुमाराला इंदुरात सरकारी नोकरीत असताना फोटोग्राफीकडे वळले, त्यांना तुकोजीराव होळकरांचं (दुसरे) पाठबळ होतं. तेव्हा एकेका फोटोला एकेक काचेची प्लेट लागायची. त्यांचे मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो कुठे बघायला मिळाले तर प्रत्येक फोटोत ते कुठे उभे असतील याचा अंदाज बांधत बघा.

कॅमेऱ्याचं इथलं गणित नावेच्या उलटं. आता पायाजवळ दगड आहे, गवत आहे, पायऱ्या आहेत. ए मोड (कॅननवर एव्ही), एफ ८, १८ मिमी, फोकस साधारण दोन मीटरवर. एक मीटरपासून पलीकडच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट. आयएसओ १०० ते ४००. एफ १६, एफ २२ ला जाऊ नका, छिद्र फार बारीक झालं की प्रकाश पसरून सगळाच फोटो थोडा मऊ होतो. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा. बेटाची उत्तरेकडची, कावेरीकडची बाजू या दिवसांत बरीच सावलीत असते आणि सावलीतला रंग निळसर येतो. तो घरी येऊन बदलता येतो किंवा मुद्दाम तसाच ठेवता येतो. मला तो तसाच आवडतो, दक्षिणेकडच्या पिवळ्या उन्हाशेजारी लावला की एकाच बेटाच्या दोन बाजू कळतात.

माथ्यावरून पूर्वेला धरण दिसेल. बहुतेक जण त्याला फ्रेमबाहेर ठेवण्यासाठी कसरत करतात. एखादा फोटो त्याच्यासकट काढा असं मी म्हणेन. ओंकारेश्वरचं धरण २००७ पासून आहे, त्याच्या वर इंदिरासागर, खाली पार सरदार सरोवर. आजची नर्मदा ही धरणांच्या मधली नदी आहे. तिचे फक्त निर्जन, धुकेवाले फोटो काढणं म्हणजे नातेवाइकांना कापून काढलेला लग्नाचा फोटो.

सूर्यास्त झाल्या झाल्या कॅमेरा बंद करू नका, पुढची दहा-पंधरा मिनिटं पश्चिमेकडे पाठ करून पूर्वेला बघा, तिकडचा गुलाबी-जांभळा पट्टा फार लोक बघतच नाहीत. मग मात्र टॉर्च काढून खाली उतरा. माकडं असतात, खायचं हातात धरून चालू नका.

रात्रीचा मुक्काम ओंकारेश्वरला नको, महेश्वरला करा. दोन्हींत गाडीने दीड-दोन तासांचं अंतर आहे, आणि पहाटे साडेतीनला उठून तिथे पोहोचणारा ग्रुप मी तरी पाहिलेला नाही. झोपण्याआधी दिवसभरातले फक्त पाच फोटो निवडा आणि प्रत्येकाबद्दल एकच विचारा: कोणत्या दोन वस्तू एकमेकींना चिकटल्या आहेत? उत्तर वहीत लिहा. दुसऱ्या दिवशीचा अभ्यास तयार झाला.

रविवारी साडेसहाला घाटावर. नाव आदल्या रात्री सांगून ठेवलेली असावी. पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असलं की त्यावर पातळ वाफ चढते, ती सूर्य वर येताच विरते. उजाडायच्या आधी घाटावरूनच ट्रायपॉड लावून काढा, तेव्हा नावेत बसून उपयोग नाही, १/५०० ला पुरेसा उजेडच नसतो. सूर्य आला की नाव. नदीच्या मधून किल्ल्याकडे बघताना उजेड उजवीकडून येईल. अहिल्येश्वराचं मंदिर, छत्र्या, वरचा किल्ला, खालच्या पायऱ्या हे सगळं एकावर एक रचलेलं आहे, आणि नाव हळूहळू पुढे गेली की ते थर उघडत-मिटत जातात. कालचा धडा इथे पुन्हा गिरवायचा. नदीच्या मधल्या बाणेश्वराच्या छोट्या देवळापाशी इंजिन बंद करायला सांगा. ते देऊळ पुढे आणि किल्ला मागे, यांच्यात किती अंतर सोडायचं हे नाव वाहवत असताना तुम्हाला ठरवता येतं. महेश्वरचा हा एक फोटो नीट जमला तर बाकी दिवसभर नुसतं फिरलात तरी चालेल.

सहस्रधारा महेश्वरहून थोडी खाली, जलकोटीपाशी. काळ्या बेसॉल्टच्या खडकांतून नदी असंख्य धारांत फुटते. पाणी किती आहे यावर तिचं रूप ठरतं, तेव्हा जाण्याआधी घाटावर नाववाल्यांना विचारा की खडक उघडे आहेत का. ट्रायपॉड खरा इथेच लागतो. काळा दगड आणि पांढरा फेस एका फ्रेममध्ये आले की कॅमेरा गोंधळतो, काळ्याला राखाडी करायला जातो आणि फेस जळतो. एक्स्पोजर उणे २/३ स्टॉपपासून (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) सुरू करा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते बघा. शटर किती, यावर माझं मत ठाम आहे: १/८ ते १/४ सेकंद. एवढ्यात पाण्याचे तंतू वेगवेगळे दिसतात, त्याला वेग आहे असं वाटतं. दहा-दहा सेकंदांचा फोटो काढून सगळ्या नदीचा कापूस करायची फॅशन आता शिळी झाली.

या खडकांवर उभं राहण्याबद्दल गंभीरपणे सांगते. वर धरण आहे, वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की खाली पातळी वाढते, आणि इथे आभाळ निरभ्र असतानाही वाढते. एप्रिल २००५ मध्ये नर्मदाकाठच्या धाराजीला यात्रेसाठी जमलेले अनेक भाविक असेच अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेले. तेव्हा ज्या खडकावर जायला पाणी ओलांडावं लागतं त्यावर ट्रायपॉड लावायचा नाही, कितीही सुंदर असला तरी. सायरन ऐकू आला किंवा मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला की सामान न आवरता आधी काठावर या. शेवाळ्यावर बूट घसरतात. एक मित्र कॅमेरा न घेता फक्त पाण्याकडे बघत बसवा.

परतताना धामनोदवरून हायवेने येऊ नका, मंडलेश्वर-महू रस्त्याने या. वाटेत जाम दरवाजा लागतो, अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये विंध्याच्या कड्यावर बांधलेला. साडेचार-पाचपर्यंत पोहोचा. तिथून दक्षिणेला सगळं निमाड खाली पसरलेलं दिसतं, आणि हिवाळ्यात हवेत धूसरपणा असतो. लोक त्याला नावं ठेवतात, पण लांब लेन्सने १५०-२०० मिमीला बघा, एकामागच्या एक डोंगररांगा फिकट होत जाताना दिसतात. अंतर दाखवायला याहून सोपं साधन नाही. रविवारी गर्दी आणि भुट्ट्याचा धूर दोन्ही असेल, दरवाजापासून जरा बाजूला चालत जा.

सामानाचं उरलं. ट्रायपॉड घ्या, हलका असला तरी चालेल, पण गाडीत ठेवा. घाटावरची पहाट आणि सहस्रधारा एवढ्यापुरताच तो उतरवायचा. संगमाच्या चढावर तो ओझं होतो आणि ओझं असलं की माणूस वीस पावलं फिरत नाही. फिल्टरपैकी एकच विकत घ्या, गोल फिरणारा पोलरायझर. ओल्या खडकांवरची आणि पानांवरची चकाकी तो काढतो, ते घरी सॉफ्टवेअरने होत नाही. तो सूर्याशी काटकोनात सर्वांत जास्त काम करतो आणि दीड-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून नावेत संध्याकाळी तो काढून ठेवा. १८ मिमीला निळ्या आकाशात डाग पडल्यासारखा गडद पट्टा येतो, तेव्हा थोडा उलट फिरवा. महेश्वरला प्रतिबिंब हवं असताना पूर्ण फिरवलात तर प्रतिबिंबच जाईल, हेही लक्षात असू द्या. सहस्रधारेला १/४ सेकंद मिळत नसेल तर पोलरायझर लावून, आयएसओ १००, एफ ११ आणि ऊन ढगाआड जायची वाट. एनडी फिल्टर (नुसता उजेड कमी करणारी गडद काच) पुढच्या वेळी. यूव्ही फिल्टर दुकानदार देईलच, घेऊ नका. पोलरायझर घेताना लेन्सच्या पुढच्या कड्यावर गोलाला छेद दिलेल्या खुणेशेजारचा आकडा वाचून जा, कॅननच्या एसटीएम आवृत्तीच्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन्हींवर तो ५८ असतो, म्हणजे एकाच फिल्टरमध्ये काम भागेल.